सात्या, शिंदी आणि आम्ही दोघी

आमच्या घरात पाच वर्षं एकच भांडण चाललं. सात्या मोठ्या की शिंदी मोठी, एवढंच. एका बाजूला माझी सासू, दुसऱ्या बाजूला मी. मधे माझा नवरा. पण तो ताटावर बसला की दोन्हीकडे बघून मान हलवायचा, म्हणून त्याला मी मोजत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सात्या म्हणजे जंगलात वारुळावर उगवणारी अळंबी. पांढरी, बोटाएवढी, टोकदार टोपीची. ढग गडगडले की शेकड्यांनी वर येतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत फुलून, काळवंडून, किडे पडून संपतात. आणि शिंदी म्हणजे धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, नदीकाठचं ते काटेरी झाड, खजुराच्या जातीचं. तिला माणसाएवढं व्हायला वर्षानुवर्षं लागतात, पण एकदा उभी राहिली की आज्याच्या हातची नातवाच्या कामी येते. ह्या दोघींची तुलना कोण करेल? पण आम्ही केली. चूल पेटवताना केली, धान सडताना केली, एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढतानासुद्धा केली.

माझं माहेर गोंदियापासून तीन कोसांवर, वाघ नदीच्या अंगाला. भाताच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आणि प्रत्येक धुऱ्यावर शिंदी. आम्ही शिंदीतच वाढलो. उन्हाळ्यात शिंदोळ्या खायच्या. गर नखाएवढा, बी मोठी, तरी दिवसभर तोंड चालू. पानांचे फडे बांधून अंगण झाडायचं, पात्या चिरून चटया विणायच्या. लग्नात नवरदेवाच्या डोक्यावर बाशिंग चढायचं तेही शिंदीच्या कोवळ्या पानांचं. माझा बाप पानं कापायला झाडावर चढायचा. बाहेर बाहेरची पानं घ्यायचा, मधल्या गाभ्याला कधी विळा लागू द्यायचा नाही. गाभा गेला की झाड गेलं, हे आम्हाला चालायच्या आधी कळलं होतं.

पानांचा भारा बांधायची त्याची एक गाठ होती. पात एकदा फिरवायची, टोक उलटं आत खोचायचं. ओढली की घट्ट, आणि टोक धरून हिसका दिला की सुटलीच. ही गाठ आमच्या घरची. गावात दुसऱ्या कुणाला ती धड जमत नव्हती. मला आठव्या वर्षी येत होती आणि मला तिचा गर्व होता. अजून आहे, लपवू कशाला.

स्वातंत्र्य मिळाल्यावर चौथ्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. तेव्हा गोंदिया जिल्हा वगैरे नव्हता, आम्ही सगळे भंडाऱ्याचे. आमगाव, देवरी करत बैलगाडीनं दुसऱ्या दिवशी चिचगडच्या पुढच्या त्या गावी पोचले, तर चहूकडे जंगल. साजा, धावडा, मोहा, तेंदू. शेती होती, पण जंगलानं परवानगी दिल्यासारखी मधे मधे. आणि शिंदीचं झाड एक नाही! मला तर रडूच फुटलं. घुंगट होता म्हणून बरं.

माहेराहून मी माझ्या हातची एक चटई आणि दोन फडे आणले होते. सासूनं ते उलटेपालटे करून पाहिले. ती उंच, कोरडी, लाकडासारखी बाई. सासरे केव्हाच वारले होते, शेत तिनं एकटीनं सांभाळलं होतं. शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाली, "शिंदीच्या देशची आली व बाई. काट्यातून आली, काटेच घेऊन आली."

नवी नवरी म्हणून मी तीन दिवस गप्प बसले. चौथ्या दिवशी माझ्याच फड्यानं ती अंगण झाडत होती. मी म्हटलं, "आत्याबाई, काटे चांगले झाडून राहिले का जी?"

तिनं फडा थांबवला. मला वाटलं, आता पाठीत बसतो. पण ती म्हणाली, "जीभ तर मोठी लांब हाये तुही." आणि पुन्हा झाडायला लागली. तिथून आमचं जमलं म्हणा किंवा बिनसलं म्हणा, दोन्ही एकदमच झालं.

पहिल्या पावसाळ्यात मला सात्यांचं महत्त्व कळलं. आमच्याकडे भाताचा रोवणा, तुम्ही लावणी म्हणता ती, म्हणजे जिवाची घाई. परे, म्हणजे भाताची रोपं, काढायचे, चिखलात लावायचे, आणि सगळ्या गावाचं एकाच वेळी. रोवणाऱ्या बाया मिळाल्या तर शेत, नाही मिळाल्या तर परे जागेवर पिवळे. पण आमच्या घरी बाया न बोलावता यायच्या. आमची जमीन मोठी नव्हती, मजुरीही इतरांइतकीच. येण्याचं कारण वेगळंच होतं. रोवणा संपायच्या दिवशी आमच्या सासूच्या हातची सात्यांची भाजी आणि भात, पोट फुटेस्तोवर. जवसाचं तेल, कांदा, हळद, ओली मिरची, बस. एवढ्या सात्या गावात दुसऱ्या कुणाला सापडत नव्हत्या. कुणाला पसाभर मिळायच्या, कुणाला ओंजळभर. आमच्या सासूला टोपलीभर. बायांना जेवू घालताना ती वाढत फिरायची तेव्हा तिची मान अशी ताठ असायची की पदर आपोआप खांद्यावर यायचा.

त्या कुठून आणते हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्याला नाही, शेजारणीला नाही. तिला तिच्या सासूनं दाखवलं होतं, तिच्या सासूला तिच्या सासूनं. लेकीला दाखवायचं नाही, लेक दुसऱ्या गावी जाते. सुनेला दाखवायचं, तेही सून ह्या घरची झाली असं वाटेल तेव्हा. त्याला मुदत नव्हती. तिच्या सासूनं तिला तिसऱ्या पावसाळ्यात नेलं होतं. हे तिनंच मला सांगितलं, आणि सांगून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी विचारावं अशी तिची इच्छा होती. 'आत्याबाई, मले केव्हा नेता?' एवढंच.

मी कायले विचारू? द्यायचं असेल तर द्यावं. मागून घ्यायला मी काय भिकारीण होते?

तर असं आमचं चाललं. ती सात्यांचं सांगायची, मी शिंदीचं. ती म्हणायची, "सात्याले बी नाही लागत, पाणी नाही लागत, राखण नाही लागत. आपल्या मनानं येते." मी म्हणायची, "आणि आपल्या मनानं जाते. दोन दिवसांचा पाहुणा. माझी शिंदी बारा महिने दारात उभी." ती म्हणायची, "उभी राहून करते काय, टोचते." मी म्हणायची, "तुमचं अंगण कोण झाडते मग?" ती म्हणायची, "सात्याले लोखंड चालत नाही. विळा-खुरपी लागली की वारूळ रुसते, पुढल्या साली देत नाही. दोन बोटानं, हळूच, जशी लेकराच्या तोंडातून माशी काढावी." मी म्हणायची, "आमच्या शिंदीले विळा लागते, पण गाभा सोडून." ह्यावर तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "हे मात्र बरोबर हाये." पाच वर्षांत एवढा एकच मुद्दा तिनं मला दिला. मी तो अजून जपून ठेवला आहे.

तिसरा पावसाळा गेला, तिनं मला नेलं नाही. चौथा गेला. मी काही बोलले नाही, पण आतून जळत होते. ह्या घरात चार वर्षं राबले, रोवणा केला, कापणी केली, आणि मी अजून परकीच?

चौथ्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की तिच्या डोळ्यांचं काहीतरी बिघडलंय. तांदूळ निवडताना ती सुपात बघायचीच नाही, बोटांनी चाचपडायची. लोट्यात पाणी ओतायची ते अर्धं बाहेर. उजवीकडून कुणी आलं तर दचकायची. बुबुळावर दुधासारखी साय आली होती. मी नवऱ्याला म्हटलं, "गोंदियाले नेऊन दाखवा न." तो आईशी बोलला, तर तिनं त्याला झापलं, "मले सगळं दिसते! तुह्या बायकोची चाल दिसते, तुहा मूर्खपणा दिसते, अजून काय पाह्यजे?" त्याची मान नेहमीप्रमाणे दोन्हीकडे हलली.

त्या रागात आणि त्या काळजीत मी एक काम हाती घेतलं. उन्हाळ्यात माझा भाऊ गाडीभर शिंदीची पानं घेऊन आला, तेव्हा मी एक मोठी चटई विणायला घेतली. आधी वीतभर रुंदीच्या लांब पट्ट्या, मग त्या एकमेकींना शिवायच्या. छपरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचेल एवढी. रोवण्याच्या शेवटच्या दिवशी बाया ओल्या भुईवर, पोत्यावर बसायच्या. आता माझ्या चटईवर बसतील. पानात सात्या असतील आणि बुडाखाली शिंदी. बघू कोण मोठं! दोन महिने विणली. बोटं फाटली. पण काठ असा एकसारखा आला होता की माझा बाप असता तर पाठीवर हात फिरवला असता.

सासू रोज माझ्याजवळ येऊन बसायची. विणताना हातानं काठ चाचपायची. एकदा म्हणाली, "ते भाऱ्याची गाठ कशी घालता तुमी?" मी घालून दाखवली. तिनं हातात घेऊन पाहिली, मोडली, पुन्हा घातली, चुकली. "काही कामाची नाही," म्हणून उठून गेली. मला राग आला. आमच्या घरची गाठ, आणि काही कामाची नाही?

पावसाळा लागला. चटई गुंडाळून मी छपरीच्या आढ्याला टांगून ठेवली. आषाढात एक दिवस वारा द्यायला खाली काढली तर काठ उसवलेला. दोन-तीन पात्या गायब. उंदीर, म्हटलं. पुन्हा खोचून दुरुस्त केली. चार दिवसांनी पाहते तर आणखी पाच गेलेल्या. उंदीर कुरतडतो, तो पात अख्खी ओढून नेत नाही. मग वासराचा संशय आला, पण वासरू आढ्यापर्यंत कसं पोचेल? मी लक्ष ठेवलं. आणि एका सकाळी पाहिलं, सासू पाटावर उभी राहून, माझ्या चटईच्या काठातून पात ओढते आहे. ओढली, गुंडाळली, कमरेला खोचली.

मग मी काय ऐकते! "माही चटई उसवून राहिल्या? दोन महिने बोटं फाडली म्या! चुलीत घालून राहिल्या का? काऊन? सरपण सरलं का जंगलातलं?"

ती पाटावरून उतरली. सावकाश, पायानं जमीन चाचपत. "घातली चुलीत," म्हणाली. "काय करशील?"

"माझ्या हाताचं काही बघवतच नाही तुमाले. मी ह्या घरची नाहीच न. सांगून टाका एकदाचं, जाते मी माझ्या शिंदीच्या देशी."

ती कांबळं पांघरून भर पावसात बाहेर निघून गेली, काठी टेकत. कुठं, कशाला, मी विचारलं नाही. त्यानंतर आठ-दहा दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ताट समोर ठेवायची आणि वळायची. पात्या जातच होत्या. मी मोजणं सोडलं. आज हे लिहिताना माझा हात जड होतो, पण जे झालं ते झालं.

रोवण्याचा शेवटचा दिवस आला. आदल्या दिवशी दुपारी ढग असे गडगडले होते की पितळी भांडी वाजली. सात्यांचाच दिवस. सकाळी बाया बांधीत उतरल्या. अर्ध्या एकराचं काम उरलं होतं, दुपारी जेवायला येणार. आणि सासू छपरीत बसून. पाय पसरून, काठी बाजूला ठेवून. जाग्यावरून हलेना.

मी न राहवून बोलले. दहा दिवसांनी पहिलं वाक्य. "आज जाऊन नाही राहिल्या का?"

"तू जाय," ती म्हणाली.

"कुठं जाऊ? दाखवलं का कधी?"

"तुह्या शिंदीले विचार."

माझ्या डोक्यात असा जाळ झाला! बाया येणार, गावभर नाव, आणि ह्या वेळेला टोमणा! मी टोपली उचलली, सवयीनं तीत विळा टाकला आणि निघाले. सात्या नाही मिळाल्या तर बांबूचे वास्ते, ते कोवळे कोंब, आणीन, कुड्याची फुलं आणीन, नाहीतर काहीच आणणार नाही आणि बायांना सांगेन की सासूनं नाक कापलं. असे सगळे विचार करत नाला ओलांडला आणि जंगलात शिरले.

मोहाच्या खालच्या फांदीला काहीतरी पांढरं लटकत होतं. जवळ गेले. शिंदीची पात. माझ्या चटईची पात, मी चिरलेली, मी ओळखणार नाही का? ती वाळून पांढुरकी पडली होती आणि त्या हिरव्यागार, काळ्या ओल्या रानात लांबून दिसत होती. आणि तिला गाठ होती. आमच्या घरची गाठ. वेडीवाकडी, टोक चुकीच्या बाजूनं खोचलेलं, पण गाठ तीच.

मी तिथंच उभी राहिले. पाऊस होता की काय आठवत नाही. 'शिंदीले विचार.' ती टोमणा मारत नव्हती. वाट सांगत होती.

वीस-पंचवीस पावलांवर दुसरी पात, धावड्याला. मग तिसरी. सगळ्या वाटेच्या डाव्या हाताला, कारण तिच्या उजव्या डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं. जिथं वळायचं तिथं दोन पात्या एका ठिकाणी. सगळ्या कमरेच्या उंचीला, चाचपून हाताला लागतील अशा. सुरुवातीच्या गाठी कच्च्या होत्या, पुढं पुढं सुधारत गेल्या. किती वेळा मोडून पुन्हा घातल्या असतील म्हातारीनं, एकटीनं, भर पावसात, अर्ध्या डोळ्यानं! शेवटच्या गाठी तर अशा होत्या की माझ्या बापानं घातल्या म्हटलं असतं. मी रडत होते आणि चालत होते. आणि मधेच हसायलाही येत होतं, कारण तोंडानं 'चल, दाखवते' एवढं म्हणायला तिला जमलं नाही. मला 'दाखवा' म्हणायला जमलं नव्हतं तसंच.

शेवटच्या तीन पात्या एका तेंदूच्या रोपट्याला बांधल्या होत्या. त्याच्या मागे, बांबूच्या बेटाआड, माझ्या छातीएवढं वारूळ. आणि त्याच्या पायथ्याशी सगळीकडे, सगळीकडे सात्या. पाय ठेवायला जागा नाही. नुकत्या वर आलेल्या, टोप्या मिटलेल्या, मातीचा कण अंगावर.

टोपलीत विळा होता. मी तो लांब एका दगडावर नेऊन ठेवला. मग खाली बसले आणि दोन बोटानं, हळूच, एकेक उचलायला लागले. देठ लांब, खाली वारुळात गेलेलं, ओढताना टचकन आवाज यायचा. वारुळाला धक्का लागू दिला नाही. आणि सगळ्या घेतल्या नाहीत. वारुळाला अगदी चिकटून असलेल्या होत्या त्या तशाच ठेवल्या. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाप गाभा ठेवायचा, म्हणून मी ठेवल्या. टोपली भरली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघी पाच वर्षं भांडलो ते एकाच गोष्टीसाठी. दोघींना आपलं घर आपल्या हातून निसटू द्यायचं नव्हतं.

परत निघताना आणखी एक गोष्ट सुचली. पांढऱ्या पात्या मला दिसल्या तशा कुणालाही दिसतील. गुराखी आला, शेजारीण आली, तर पात्यांमागून सरळ वारुळापर्यंत. आपल्या सासूनं आणि सासूच्या सासूनं राखलेली जागा तिनं माझ्यासाठी उघड्यावर टांगली होती. मी एकेक पात सोडत आले. टोक धरायचं, हिसका द्यायचा, सुटली. सुरुवातीच्या वेड्यावाकड्या गाठी मात्र सुटेनात, त्या दातानं सोडल्या. वाट पायांनी आणि डोळ्यांनी लक्षात ठेवली. मोहा, धावडा, दोन साजे जोडीचे, खडक, नाला.

घरी आले तर सासू तशीच बसलेली. माझ्या पावलांचा आवाज ऐकून मान वर केली, पण तोंड थोडं चुकीच्या दिशेला. तेव्हा मला कळलं की डाव्या डोळ्यातही आता फक्त उजेड उरला आहे. ती सकाळपासून बसून होती ती चटईच्या रागानं नाही. तिला आता त्या पात्याही दिसत नव्हत्या.

मी टोपली तिच्या मांडीवर ठेवली. तिनं हात आत घातला, सात्या चाचपल्या, एक नाकाशी नेली. मग हळूच विचारलं, "पात्या?"

"सोडून आणल्या." मी पदराची गाठ सोडून त्या तिच्या हातात दिल्या. तिनं त्या बोटांनी मोजल्या, एकेक, ओठ हलवत. सगळ्या भरल्या तेव्हा तिचा श्वास सुटला.

"विळा नाही न लावला?"

"नाही जी. दगडावर ठेवला होता."

"वारूळ?"

"शाबूत हाये. आणि जवळच्या ठेवल्या."

"ठेवल्या? कोणं सांगितलं तुले?"

"कोणी नाही. गाभा हाये न तो."

मला तिच्या पाया पडायचं होतं. दहा दिवस अबोला धरला, चुलीत घातली म्हणाले, सगळ्याची माफी मागायची होती. मी वाकले आणि "आत्याबाई, म्या..." एवढं बोलले, तर तिनं माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं, जरा जास्तच वेळ धरलं, आणि मग ढकललं. "चूल पेटव. बाया येऊन राहिल्या."

त्या दिवशी भाजी मी केली. ती चुलीपाशी बसून वासावरून सांगत होती, आता कांदा, आता हळद, आता झाक. छपरीत मी चटई अंथरली. काठ एका बाजूनं पार उसवलेला, झिपऱ्या लोंबत असलेल्या. मला लाज वाटायला हवी होती, पण मी तोच काठ पुढं, दाराकडे केला. बाया हात-पाय धुऊन आल्या, बसल्या. वाढायला मी उठले. सासू त्यांच्यामधेच जाऊन बसली, पहिल्यांदाच, तिच्या जागी वाढायला कुणीतरी होतं म्हणून.

शेजारीण पहिला घास घेऊन म्हणाली, "काकी, यंदा तर सात्या लय आणल्या व! डोळ्यानं दिसत नाही म्हणत होते लोकं तुमाले."

माझ्या हातातली पळी थांबली.

सासूनं मान ताठ केली. पदर आपोआप खांद्यावर आला. "म्या नाही आणल्या," ती म्हणाली. "माह्या सुनेनं आणल्या. एकटीनं गेल्ती." आणि मग सगळ्या छपरीला, अंगणाला, पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शिंदीच्या देशची हाये ती!"

पाच वर्षं जो टोमणा ऐकला तेच शब्द. मी पळी भाजीच्या गंजात सोडून स्वयंपाकघरात गेले आणि पदर तोंडात कोंबला. बाहेर बाया हसत होत्या, भात मागत होत्या. माझ्या आयुष्यात मला पुष्कळ मिळालं, पण त्या एका वाक्याइतकी माझी छाती पुन्हा कधी फुगली नाही.

पुढल्या साली आमचा मुलूख मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला म्हणतात. आम्हाला त्याचा पत्ता उशिरा लागला. त्यानंतर सासू तीन पावसाळे जगली, दिसत काही नव्हतं, पण सात्यांच्या दिवशी माझा हात धरून वारुळापर्यंत यायची आणि माझ्या आधी तिचे पाय वळायचे. सात्या मोठ्या की शिंदी, हे भांडण तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही, मीही नाही. चटईचा तो काठ दुरुस्त करायला मी दोनदा बसले. दोन्ही वेळा तिनं हात लावून चाचपलं आणि म्हणाली, "राहू दे व." म्हणून तो तसाच आहे.